टेकडीवरचे माननीय

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्याच्या विधानसभेत १९६५ सालापर्यंत २४६ आमदार बसायचे. राज्याची वस्ती तेव्हा जेमतेम चार लाख. एवढ्या आमदारांचं कारण शिरगणतीत शोधून सापडणार नाही, ते नकाशात आहे: जितकी गावं, तितके आमदार. कारखान्यांनी गजबजलेलं स्प्रिंगफिल्ड असो की बाल्टिमोर नावाचं चिमुकलं खेडं, दोघांनाही एकेकच जागा. त्यातून १८७० पर्यंत निवडणूक दरवर्षी व्हायची, त्यानंतर दोन वर्षांनी होऊ लागली. शेतकरी, मेंढ्या पाळणारा, लाकडाच्या गिरणीचा मालक, गावचा डॉक्टर, किराणावाला असा जो तो आपली पाळी आली की राजधानी माँटपिलियरला जायचा, अधिवेशन संपलं की परत येऊन कामाला लागायचा आणि शेवटी बहुधा आपल्याच गावच्या टेकडीवर पुरला जायचा.

राज्याच्या पूर्व कडेला, कनेटिकट नदीच्या काठाने पसरलेल्या विंडसर काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) अशी २४ गावं आहेत. क्षेत्रफळाने ही व्हर्मॉन्टमधली सर्वांत मोठी काउंटी, तरी २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५७,७५३ भरली. आपल्याकडच्या एका मध्यम शहरातही याहून जास्त माणसं राहतात. या डोंगराळ मुलखात एक राष्ट्राध्यक्ष, एक परराष्ट्रमंत्री, एक पोस्टमास्टर जनरल, काही सिनेटर, बरेच गव्हर्नर आणि गावोगावचे शेकडो आमदार मातीआड आहेत. त्यांची थडगी एकेक करून पाहत गेलं की लोकशाही इथे किती खालपर्यंत, किती घराजवळ पोचली होती ते कळतं. मात्र त्यांची यादी करायची तर ती नीट पाहायला हवीत. राजकारण्यांच्या दफनस्थळांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि एकीतली चूक दहांमध्ये जाऊन बसते. दगड स्वतः पाहिलेला आणि गावचं दप्तर तपासलेलं, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय नोंद पक्की मानू नये असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात प्लिमथ नॉचपासून करावी, कारण तिथला दगड बाकीच्या सगळ्यांसाठी डोळे तयार करतो. राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचं हे जन्मगाव. ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी त्यांच्या वडिलांनी, जे नोटरी होते, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली, ती याच गावातल्या घरी. ५ जानेवारी १९३३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनला त्यांचं निधन झालं आणि दोनच दिवसांत त्यांना इथे आणून पुरलं. रस्त्याला लागून चढत जाणारा उतार, त्यावर टप्प्याटप्प्याने बसवलेल्या रांगा आणि त्यात इतरांच्याच उंचीचा एक ग्रॅनाइटचा दगड. नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. वरच्या बाजूला राष्ट्राध्यक्षांची मुद्रा कोरलेली आहे, पद मात्र कुठेही लिहिलेलं नाही. शेजारी पत्नी ग्रेस आणि १९२४ साली सोळाव्या वर्षी रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेलेला धाकटा मुलगा. वडील जॉन कूलिजही याच दफनभूमीत आहेत आणि तेही यादीत हवेत, कारण ते राज्याच्या विधानसभेत आणि सिनेटमध्ये बसलेले होते. राष्ट्राध्यक्षांच्या दगडाचा फोटो काढून परत फिरणाऱ्यांच्या हातून हे नाव हमखास सुटतं.

इथे पहिली गोष्ट शिकायला मिळते: मोठ्या पदाचा माणूस दगडावर पद लिहीलच असं नाही, आणि लहान पदाचा माणूस ते आवर्जून लिहितो. जुन्या दगडांवर नावाआधी ‘हॉन.’ (ऑनरेबल, म्हणजे माननीय) दिसलं तर तो बहुतेक आमदार, सिनेटर किंवा न्यायाधीश. नावानंतर ‘एस्क.’ (एस्क्वायर) असेल तर वकील किंवा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरचा छोटा न्यायाधिकारी. त्यावरून निवडून आलेला पुढारी असं ठरवता येत नाही. ‘जनरल’, ‘कर्नल’, ‘कॅप्टन’ या पदव्या बऱ्याचदा गावच्या मिलिशियातल्या, म्हणजे नागरिकांच्या राखीव पलटणीतल्या असतात, लढाईशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. ‘डीकन’ म्हणजे चर्चमधला मानकरी. माजी सैनिक असलेल्या आमदाराच्या डोक्याशी सरकारी संगमरवरी दगड असेल, ४२ इंच लांब, १३ इंच रुंद, ४ इंच जाड, तर त्यावर पलटण आणि हुद्दा मिळेल, विधानसभेचा उल्लेख सहसा नाही. आणि स्त्री आमदार असेल तर तिचं नाव नवऱ्याच्या दगडाच्या खालच्या ओळीत ‘त्याची पत्नी’ म्हणून उरलेलं असू शकतं. तेव्हा दगड वाचून आमदार शोधायचे नसतात. आधी आमदारांची गाववार यादी हातात घ्यायची आणि मग दगडांकडे जायचं.

आता गावांच्या नावांचा घोळ. या भागात अठराव्या शतकात वस्ती करायला आलेले बरेच लोक कनेटिकटमधून नदीच्या उगमाकडे सरकत आले आणि गावांची नावंही तिकडचीच ठेवली गेली. विंडसर, हार्टफर्ड, वुडस्टॉक, पॉम्फ्रेट, नॉर्विच, शॅरन, प्लिमथ, अँडोव्हर, चेस्टर ही सगळी विंडसर काउंटीतली गावं. आणि या प्रत्येक नावाचं एकेक गाव किंवा शहर कनेटिकटमध्येही आहे. म्हणून एखाद्या चरित्रकोशात नुसतं ‘हार्टफर्ड येथे दफन’ असं आलं की दहापैकी नऊ जण कनेटिकटची राजधानी लिहून मोकळे होतात. व्हर्मॉन्टचे माजी गव्हर्नर सॅम्युअल पिंगरी यांचं उदाहरण घ्या. यादवी युद्धात १८६२ साली लीज मिल्सच्या लढाईत दाखवलेल्या शौर्याबद्दल त्यांना मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च लष्करी पदक मिळालं, १८८४ ते १८८६ ते गव्हर्नर होते. त्यांचं थडगं हार्टफर्ड सिमेट्रीत (सिमेट्री म्हणजे दफनभूमी) आहे, पण व्हर्मॉन्टच्या हार्टफर्डमध्ये, जिथे व्हाइट नदी कनेटिकट नदीला मिळते. प्लिमथचंही तसंच, राज्य लिहिलं नाही तर वाचणारा थेट मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर जाऊन पोचतो. राज्य, काउंटी, गाव, वाडी, दफनभूमी हे पाचही घटक प्रत्येक नोंदीत हवेत. वाडी यासाठी की न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातलं ‘टाऊन’ म्हणजे एक वस्ती नसते. एका हार्टफर्डच्या हद्दीत व्हाइट रिव्हर जंक्शन, क्वीची, वाइल्डर, वेस्ट हार्टफर्ड अशा निरनिराळ्या वस्त्या आहेत. टपालाचा पत्ता एक आणि दप्तर दुसरीकडे.

दफनभूमींच्या नावांतही असेच चकवे आहेत. वुडस्टॉकमध्ये एक रिव्हर स्ट्रीट सिमेट्री आहे आणि एक रिव्हरसाइड सिमेट्री. जेकब कॉलमर, झॅकरी टेलर यांच्या मंत्रिमंडळातले पोस्टमास्टर जनरल आणि नंतर १८५५ पासून १८६५ मध्ये निधन होईपर्यंत सिनेटर, हे रिव्हर स्ट्रीटमध्ये आहेत. गव्हर्नरपदावर असताना फेब्रुवारी १८७० मध्ये वुडस्टॉकला वारलेले पीटर वॉशबर्न रिव्हरसाइडमध्ये. दोघांचं गाव एक, नावं इतकी सारखी, की हाताने उतरवताना एकाचं दुसऱ्याला लागलं तर नवल नाही. विंडसर गावातली अ‍ॅस्कटनी सिमेट्री हा दुसरा नमुना. अ‍ॅस्कटनी हे जवळच्या डोंगराचं नाव, आणि त्याच नावाची वस्ती शेजारच्या वेदर्सफिल्ड गावाच्या हद्दीत आहे. नाव वाचून माणूस त्या वस्तीत दफनभूमी शोधत बसतो.

अ‍ॅस्कटनी सिमेट्रीत विल्यम एव्हर्ट्स आहेत. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी हे एक. मग अ‍ॅटर्नी जनरल, १८७७ ते १८८१ परराष्ट्रमंत्री, १८८५ ते १८९१ सिनेटर. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासाठी अमेरिकेत निधी जमवणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. सिनेटर मात्र ते न्यूयॉर्कचे होते, जन्म बोस्टनचा, मृत्यू १९०१ साली न्यूयॉर्क शहरात. पदाच्या अंगाने शोधणारा त्यांना न्यूयॉर्कमध्येच शोधणार. विंडसरला त्यांची शेतीवाडी होती, उन्हाळे तिथे जात, आणि कुटुंबाची दफनाची जागाही तिथेच. माणूस कुठून निवडून आला यापेक्षा त्याच्या कुटुंबाची जागा कुठे होती हा प्रश्न आधी विचारला तर थडगं लवकर सापडतं. बायकोचं माहेर, आईवडिलांचं गाव, उन्हाळ्याचं घर या क्रमाने शोधावं.

उलट दिशेचीही माणसं आहेत, जी इथली आणि तरी इथे नाहीत. जॉर्ज पर्किन्स मार्श वुडस्टॉकला १८०१ साली जन्मले, व्हर्मॉन्टमधून काँग्रेसवर गेले, १८६१ पासून अमेरिकेचे इटलीतले राजदूत होते. जंगलं तोडल्याने जमिनीचं आणि पाण्याचं काय होतं हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. १८८२ मध्ये ते इटलीतच वारले आणि रोमच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत पुरले गेले. शॅरन गावच्या हद्दीजवळ डोंगरावर पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा साडेअडतीस फूट उंच एकसंध स्तंभ आहे. त्याला कोणी थडगं समजलं तर दोष देता येणार नाही. तो मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या जन्मस्थानी १९०५ साली उभारला. आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक फूट असा त्याचा हिशेब. स्मिथ राजकारण्यांच्या यादीत बसतात, कारण १८४४ साली ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. त्याच वर्षी जमावाने त्यांना इलिनॉयमध्ये मारलं आणि ते तिथल्या नॉव्हू गावी आहेत. या स्तंभाखाली कोणीही नाही.

हद्दीचाही प्रश्न येतो. जस्टिन मॉरिल, ज्यांच्या १८६२ च्या कायद्यामुळे अमेरिकेत सरकारी जमिनीच्या बळावर शेतकी आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं उभी राहिली, ते स्ट्रॅफर्डला जन्मले आणि तिथेच त्यांची दगडी समाधी आहे. स्ट्रॅफर्ड शॅरन आणि नॉर्विचला लागून आहे. गाडीने जाताना काउंटी कधी बदलली ते समजतही नाही. पण स्ट्रॅफर्ड ऑरेंज काउंटीत मोडतं. विंडसरच्या यादीत मॉरिल नकोत.

दक्षिणेला स्प्रिंगफिल्डच्या समर हिल सिमेट्रीत सासरे-जावई आहेत. जेम्स हार्टनेस, यंत्रं बनवणारे आणि दुर्बिणींचे वेडे, १९२१ ते १९२३ गव्हर्नर. जावई राल्फ फ्लँडर्स, तेही यंत्रविद्येतले, १९४६ ते १९५९ सिनेटर. ज्याच्या त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या दहशतीपुढे भले भले गप्प होते तेव्हा फ्लँडर्स यांनी स्वतःच्याच पक्षाच्या त्या सिनेटरविरुद्ध ठराव मांडला आणि २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीचा निषेध केला. या काउंटीतल्या सगळ्या थडग्यांपैकी सर्वांत जास्त आदर मला या एका दगडाबद्दल वाटतो.

कागदपत्रांकडे वळू. बाहेरून येणारा माणूस आधी काउंटीच्या कचेरीत जातो आणि रिकाम्या हाताने परततो. व्हर्मॉन्टमध्ये काउंटी ही मुख्यतः न्यायालयाची चौकट आहे. जन्म, लग्न, मृत्यू आणि जमिनीची दप्तरं गावच्या क्लार्ककडे असतात, मृत्युपत्रं प्रोबेट न्यायालयात. विंडसर काउंटीत पूर्वी प्रोबेटचे दोन जिल्हे होते, हार्टफर्ड आणि विंडसर. जुनं मृत्युपत्र कुठल्या जिल्ह्याच्या खंडात आहे ते आधी पाहावं. गावाचा क्लार्क बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले थोडेच दिवस बसतो, तेव्हा फोन करून जावं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरणाऱ्या गावसभेसाठी छापला जाणारा वार्षिक अहवाल हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित ऐवज. त्यात दफनभूमीचा खर्च असतो आणि कायमच्या देखभालीसाठी कोणत्या कुटुंबाने किती रक्कम ठेवली त्याची यादीही अनेकदा असते. दगड पडला, झिजला, हरवला, तरी त्या यादीत कुटुंबाची जागा कोणत्या दफनभूमीत होती हे उरतं. १८७० च्या आधीच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींच्या सूचीत एक मेख आहे: त्यातली पुष्कळ कार्डं १९१९ च्या कायद्यानंतर गावच्या क्लार्कांनी बनवली आणि काहींची माहिती थेट थडग्यांवरून उतरवलेली आहे. असं कार्ड आणि दगड जुळले म्हणून दोन पुरावे झाले असं समजू नये. तो एकच पुरावा आहे, दोनदा लिहिलेला.

मृत्यूची आणि दफनाची तारीखही वेगवेगळी ठेवावी. इथे थंडीत जमीन काही फूट खोल गोठते. यंत्रं येण्याआधी डिसेंबर ते एप्रिल खड्डा खणणं फार अवघड होतं. म्हणून दफनभूमीच्या उताराला टेकून दगडी दर्शनी भिंत आणि लोखंडी दार असलेली एक खोली बांधलेली असे. हिवाळ्यात वारलेल्यांना तिथे ठेवून वसंतात पुरायचे. फेब्रुवारीतला मृत्यू आणि मे महिन्यातलं दफन यात विसंगती नाही. ज्यांचं कुटुंब दुसऱ्या राज्यात होतं, त्यांच्या बाबतीत मधल्या महिन्यांत बेत बदलूनही दफन भलतीकडे झालेलं असू शकतं, म्हणून अंत्यविधीची बातमी वाचून थांबू नये. वुडस्टॉकचं ‘व्हर्मॉन्ट स्टँडर्ड’ हे साप्ताहिक १८५३ पासून निघतंय. त्याचे जानेवारीतले अंक पाहिले तर मेपर्यंतचे अंकही चाळावेत.

प्रत्यक्ष दगडांपाशी पोचल्यावर आधी दगडाची जात ओळखावी. साधारण १८१० पर्यंतचे दगड बहुधा पाटीच्या दगडाचे किंवा तसल्याच पदरी खडकाचे. त्यांची अक्षरं दोनशे वर्षांनंतरही काल कोरल्यासारखी दिसतात, पण थरांमध्ये पाणी शिरून गोठलं की पापुद्रे सुटतात. बोटाने हलकेच टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला तर तिथे ब्रशही लावू नये. त्यानंतर संगमरवराचं राज्य. व्हर्मॉन्टच्याच खाणींतला पांढरा दगड, स्वस्त आणि कोरायला सोपा, म्हणून एकोणिसाव्या शतकातले बहुतेक आमदार त्याखाली आहेत. दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त झिजतो. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, चुन्याचं खनिज, आणि पावसातलं आम्ल त्याला हळूहळू विरघळवतं. बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला लागले तर समजावं की पृष्ठभाग सुटू लागला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आणि हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आली, बॅरी गावचा ग्रॅनाइट सगळीकडे पोचला आणि वाचण्याचा प्रश्नच मिटला.

झिजलेला संगमरवर वाचायला खडू, पीठ, दाढीचा फेस असलं काही फासू नये. फेसातली रसायनं दगडाच्या छिद्रांत राहतात, पीठ बुरशीला खाऊ घालतं, खडूने कडा घासल्या जातात. लागतो फक्त तिरपा उजेड. जुन्या दफनांत डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, त्यामुळे बरेच लेख पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून असतात. पूर्वमुखी लेखावर सूर्य दुपारच्या थोडा आधी कडेने घसरतो, पश्चिममुखीवर दुपारच्या थोडं नंतर; तेवढी पंधरा-वीस मिनिटं सोन्यासारखी. उत्तरमुखी दगडाला दिवसाचा बहुतेक वेळ ऊन लागत नाही, तिथे दोन-तीन फुटी आरसा घेऊन एकाने बाजूला उभं राहावं आणि उजेड जवळजवळ दगडाला समांतर सोडावा. सपाट दिसणाऱ्या पांढऱ्या दगडावर अक्षरं उभी राहतात. फोटो घेताना आधी दफनभूमीच्या नावाची पाटी, मग रांग दिसेल असा लांबचा, मग दगडाच्या चारही बाजू आणि शेवटी अक्षरं. मागच्या बाजूला मुलांची नावं किंवा कोरणाऱ्याचं नाव असतं आणि ती बाजू पाहायची राहून जाते. शेजारच्या दोन्ही दगडांचेही फोटो घ्यावेत. नाव सारखं असलेल्या बापलेकांत आमदार कोण हे बहुधा शेजारच्या बायकोच्या नावावरून ठरतं.

बऱ्याच दगडांवर जन्मतारीख नसते. मृत्यूची तारीख आणि वय वर्षं, महिने, दिवस असं असतं. वजाबाकी करताना आधी वर्षं, मग महिने, मग दिवस उतरवावेत. कूलिज यांच्या तारखांवर ताडून पाहता येतं: ५ जानेवारी १९३३ मधून ६० वर्षं, ६ महिने, १ दिवस वजा केला की ४ जुलै १८७२ मिळते. दिवस उसने घ्यावे लागले तर महिना तीसचा धरला की एकतीसचा यावरून उत्तर एक-दोन दिवसांनी हलतं, म्हणून अशी तारीख ‘सुमारे’ म्हणूनच लिहावी. १७५२ च्या आधी जन्मलेल्यांच्या बाबतीत अकरा दिवसांचा फरक पडतो, कारण त्या वर्षी इंग्रजी वसाहतींचं पंचांग बदललं. जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या जन्मांना तर वर्षच एकाने मागेपुढे होतं, कारण जुन्या पद्धतीत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं.

साफसफाईबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण चांगल्या मनाने केलेलं नुकसानच जास्त दिसतं. आधी गावच्या दफनभूमी समितीची परवानगी. मग भरपूर स्वच्छ पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि दगडफूल खरवडायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. दगडफूल वाळलेलं असताना ओढलं तर दगडाचे कण घेऊन निघतं. आधी पाणी मारून फुगू द्यावं. हट्टी काळेपणावर डी-टू नावाचं जैविक द्रावण वापरतात: दगड ओला करायचा, फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, खालून वर घासत जायचं म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि पुन्हा पाण्याने धुवायचं. पुढच्या काही आठवड्यांत पाऊसपाण्याने दगड आणखी उजळतो, तेव्हा त्याच दिवशी लख्ख करण्याचा हट्ट धरू नये. ब्लीच कदापि नको. त्याचे क्षार दगडात मुरतात, स्फटिक होऊन फुगतात आणि आतून पृष्ठभाग फोडतात. तारेचा ब्रश आणि दाबाच्या पाण्याचं यंत्र एका दुपारी शंभर वर्षांची झीज करतात. रात्री पारा शून्याखाली जाण्याची शक्यता असेल तर कामच काढू नये.

कललेला दगड एकट्याने ओढून सरळ करायचा मोह होतो. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, दोन इंच जाड संगमरवरी फळीचं वजन सव्वाशे किलोच्या वर जातं आणि ती आपल्याच वजनाने मध्ये मोडते. दगड कलण्याचं कारण बर्फ: ओलसर माती गोठली की फुगून वर येते आणि दगडाला दरवर्षी थोडं उचलते. म्हणून परत बसवताना फळीचा सुमारे एकतृतीयांश भाग जमिनीत, तळाशी आणि भोवती ठोकून बसवलेली खडी, म्हणजे पाणी निचरून जातं. सिमेंट ओतलं तर दगड हलायचा थांबतो, पण पुढच्या धक्क्याला सिमेंटच्या रेषेवरच तुटतो. या राज्यात तर फळीच्या फळी अशा मोडलेल्या दिसतात. तुटलेला दगड सापडला तर तुकडे जिथे आहेत तिथेच ठेवून फोटो काढावा आणि गावाला कळवावं. १९५८ पासून काम करणारी व्हर्मॉन्ट ओल्ड सिमेट्री असोसिएशन अशा कामात हात देते.

शेतातल्या खासगी दफनभूमी शोधणं सर्वांत कठीण. एकोणिसाव्या शतकात इथले डोंगर मेंढ्यांसाठी उघडे केले होते, आता तिथे पुन्हा गच्च झाडी आहे, आणि दगडी बांधांच्या आत जुन्या घराण्याच्या आठ-दहा कबरी राहून गेल्या आहेत. झाडीत जमिनीलगत व्हिंकाचा हिरवागार गालिचा अचानक लागला तर थांबावं. ही आपल्या सदाफुलीची नातलग वेल, जुने लोक कबरींवर लावायचे आणि ती माणसं गेल्यावरही पसरत राहते. जायला मे महिन्याचा पूर्वार्ध बरा: बर्फ गेलेलं, झाडांना पानं नाहीत, दगड लांबून दिसतात. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये कच्चे रस्ते चिखलात जातात आणि नकाशात ‘चौथ्या श्रेणीचा’ म्हणून दाखवलेल्या रस्त्यावर गाडी रुतली की तासन्तास कोणी येत नाही. गोचिडींसाठी पायमोजे पँटवर ओढावेत. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेला सैनिकांच्या कबरींवर झेंडे लागतात. झेंड्याची धातूची खुंटी गवत कापताना उपटून शेजारच्या दगडापाशी रोवली गेलेली असते, म्हणून तिला ओळखीचा पुरावा मानू नये.

ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत घ्यावेत. चार अंकांवर अक्षांशात अकरा मीटरचा फरक पडू शकतो, म्हणजे तीन-चार रांगा. पाच अंकांवर तो एका मीटरवर येतो. झाडाखाली फोनचा अंदाज बिघडतो, तेव्हा वाचन दोन-तीनदा घ्यावं आणि सोबत फाटकापासून रांग आणि दगड मोजून लिहावेत.

आणि प्रत्येक नोंदीला पाहिल्याची तारीख हवीच. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाचा पाऊस कोसळला तेव्हा याच काउंटीतल्या रोचेस्टर गावी नेसन नावाचा ओढा वूडलॉन सिमेट्रीतून घुसला आणि सुमारे पन्नास कबरी वाहून गेल्या. शवपेट्या आणि अवशेष खालच्या शेतांतून, गाळातून वेचावे लागले, मग ओळख पटवणं आणि पुन्हा दफन. त्या दिवसाआधी घेतलेले त्या भागातले अक्षांश, फोटोतली रांग, शेजारचा दगड, यातलं काहीही आज जुळेल असं धरून चालता येत नाही. रोचेस्टरची नोंद करायची तर गावच्या क्लार्ककडून पुनर्दफनाची माहिती आधी घ्यावी, मगच दफनभूमीकडे वळावं. ओढ्याकाठी, नदीच्या वळणावर असलेल्या बाकी दफनभूमींच्या नोंदीही दर मोठ्या पुरानंतर पुन्हा तपासाव्या लागतात.